चालतं का

क्लिफर्ड मागच्या दाराशी, गुडघ्यापर्यंत बूट,
हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी.
आत चार पार्सनिप,
अंगाला स्पाल्डिंगची काळी माती तशीच.
"तीन रात्री हिव खाऊन आलेत," म्हणाले,
"आता गोड झाले असतील."

हिव खाऊन गोड होणं!
आम्ही हिव खाल्लं की नुसते ओठ फुटतात.

मुळ्यासारखे लांब, पण मुळ्याचा ताठा नाही.
सोलले तर वास
जायफळाच्या लांबच्या नात्यातला.

आज संकष्टी.
इस्लामपूरला जाऊबाईंना फोन लावला,
इथे दुपारचा एक, तिथे दिवेलागण.
"म्हणजे नक्की काय गं ते?"
"गाजराचा पांढरा भाऊ."
"गाजर आपल्यात उपासाला चालत नाही."
"बटाटा चालतो. साबुदाणा चालतो.
ते काय गणपतीच्या लग्नाला आले होते?"
बराच वेळ पलीकडून फक्त कुकरची शिट्टी.
मग निकाल: "तूप घाल. तुपानं सगळं चालतं."

चार उभे चिरले, मधला दांडा काढला,
उरलेलं किसलं. चमचाभर तूप.
परतता परतता कच्चेपण गेलं
आणि स्वयंपाकघरात काहीतरी
भाजल्या शेंगेसारखं दरवळलं.
हिरव्या बुचाचं, साय काढलेलं दूध,
बदामाचं कूट, वेलदोडा.
आच मंद. ढवळत राहायचं. दूध आटतं तसं
कीस त्यात विरत जातो, कोण कुठला ते कळेनासं होतं.

साखरेच्या डब्याकडे हात दोनदा गेला.
सवयीचा हात. दोनदा परत आणला.
दिवसभर मी काउंटरमागे
लोकांना मधुमेहाच्या गोळ्या मोजून देते,
घरी येऊन श्रीपादचे चमचे मोजते.
कंदातही साखर असते, मला ठाऊक आहे,
म्हणून वाटी लहानातली लहान काढली,
लेकीच्या बारशाची.

त्यानं उभ्याउभ्याच चाखली.
"साखर घातलीस."
"नाही."
"खरं सांग."
बत्तीस वर्षांच्या संसारात
पहिल्यांदाच मी खरं बोलून पकडले गेले.

चंद्रोदय सात अठ्ठेचाळीसला.
वेलंड नदीवर धुकं असं बसलेलं
की चंद्र आला तरी उतरणार कुठे.
तोवर म्हटलं, ज्याचा माल त्याला नैवेद्य,
झाकलेला वाडगा घेऊन क्लिफर्डकडे गेले.

त्यांनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला.
तिसरा हवेतच राहिला.

"लढाईत केळी बंद होती," ते म्हणाले.
"आई पार्सनिप उकडायची, कुस्करायची,
कसल्याशा बाटलीतले दोन थेंब टाकायची,
म्हणायची, हे घे केळं.
सहा वर्षांचा झालो तेव्हा खरं केळं आलं.
मी भोकाड पसरलं.
हे केळं नाही, म्हणून."

पंच्याऐंशीचा माणूस,
मिशीला दूध लागलेलं.

मी सांगितलं, आमच्याकडे केळं
दुधात कुस्करतात, त्याला शिकरण म्हणतात.
"शिक-रन," ते म्हणाले,
आणि वाडग्याकडे बोट दाखवून पुन्हा, "शिक-रन."
ही खीर आहे, पार्सनिपची,
हे जिभेवर आलं होतं.
गिळलं. उपासाचं पहिलं पाणी म्हणून.

परत येताना छपरांवर नुसता एक
पुसट डाग दिसला. हात जोडले.
पंचांग म्हणतं चंद्र, तर चंद्र.

श्रीपाद मीटर समोर ठेवून बसलेला,
दोन तासांनी बोट टोचणार, मला खोटं पाडणार.
पातेलं मात्र रिकामं.
जाऊबाईंना एवढंच कळवलं: चाललं.
आणि पळीनं कडा खरवडत
बुडाशी धरलेल्या, जराशा करपलेल्या खरवडीवर
ओट्याशी उभी राहून
उपास सोडला.